बिनपडद्याची खिडकी

नेदरलँड्समधल्या एका गावात मी एका अनोळखी म्हातारीचा, ती जेवत असताना, रस्त्यावरून खिडकीतून फोटो काढला.

तिकडे बऱ्याच खिडक्यांना पडदेच नसतात. आपल्याकडे दार उघडं दिसलं की ‘काय, झालं का जेवण?’ म्हणत आत शिरायची पद्धत, त्यामुळे मला ते आमंत्रणच वाटलं. आत मुलगा आईला चमच्याने सूप भरवत होता आणि हनुवटीवरचा ओघळ बोटाने टिपत होता. आम्ही पडलो रसिक! मी मोबाइल उचलला. म्हातारीने वर पाहिलं आणि हाताने तोंड झाकून घेतलं.

मुलगा बाहेर आला, चमचा हातात तसाच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात त्याने इंग्रजीत विचारलं, “तिला विचारलंत?” मी फोटो पुसायला लागलो, तर घामेजलेलं बोट काचेवरून नुसतंच घसरत राहिलं. तो शेजारी उभा राहून बघत होता. आत सूप निवत होतं.

फोटो गेला, पण तो तोंडावरचा हात डोळ्यांपुढून जाईना. त्या गल्लीतून रोज कितीतरी माणसं न बघता जात असतील. त्यांच्या न बघण्याच्या भरवशावरच ती म्हातारी उजेडात बसून जेवत होती.

हॉटेलवर आल्यावर हे मी बायकोला जरा गहिवरूनच सांगितलं.

ती म्हणाली, “समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी एकदा आपल्या स्वयंपाकघरात पाहिलं, तर तुम्ही खिडकीला पेपर चिकटवलात. आता तोच डोळ्यांना चिकटवून हिंडा!”