न चाखलेला हाशे

बुधवारी सकाळी मंजूषा सायकलवरून निघाली ती जवळजवळ उडतच. रॉटरडॅमशेजारच्या कापेल गावच्या वाऱ्याला एरवी ती मराठीतून मनसोक्त शिव्या घालायची. आज तो तिला जाणवलासुद्धा नाही. आज पहिल्यांदा अख्खा स्वयंपाक तिच्या हाती होता!

तशी ती काही मोठी असामी नव्हे. पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात चांगली नोकरी होती. ती सोडून नवऱ्याच्या, म्हणजे गुरुनाथच्या, मागोमाग हॉलंडला आली. तो रॉटरडॅमला कॉम्प्युटरवर डोळे फोडायला जायचा आणि ही घरात भिंतींशी बोलायची. नव्या नियमाने बायकोलाही नोकरीची मुभा होती म्हणे, पण डच न येणाऱ्या बाईने त्या मुभेचं काय लोणचं घालायचं? शेवटी ती वस्तीतल्या समाजकेंद्रात जायला लागली. तिथे दर बुधवारी आसपासची म्हातारी माणसं एकत्र जेवत. ही फुकटात बटाटे सोलायची आणि सोलता सोलता डच शिकायची. असं वर्ष गेलं, आणि तिथल्या स्वयंपाकीण रीटबाई कायमच्या लेकीकडे ब्रेडा गावी जायला निघाल्या. जागा पगाराची होती. मंजूषाने धीर करून विचारलं, मी करू का? रीटबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, येत्या बुधवारी हाशे करून दाखव, जमला तर जागा तुझी.

हाशे म्हणजे इथला घरोघरचा रस्सा. ढीगभर कांदा आणि गोमांस, मंद आचेवर तासन्‌तास रटरटवलेलं. झाली का पंचाईत! पोळ्याला बैलांना पुरणपोळी भरवणाऱ्या घरातली ही लेक. घरी विषय निघाला तेव्हा गुरुनाथने हात वर केले. तुझ्या मनाला पटेल ते कर म्हणाला. तिच्या मनाला मग हे पटलं, की ज्यांनी जन्मभर हेच खाल्लं त्यांना ते रांधून घालायचं आहे, आपल्याला कुठे खायचंय? पण करायचं तर जीव ओतून करायचं, नाक मुरडून नाही. फोनवर सासूबाईंनी कसला रस्सा म्हणून विचारलं, तर 'कांद्याचा' म्हणून मोकळी झाली. अगदीच खोटं नव्हतं हो, कांदा मांसाइतकाच पडतो त्यात.

मांसाची पिशवी उघडताना मात्र ती बिचकली. तिने डोळे मिटून मनातल्या मनात हात जोडले, आणि मग तुकडे लोण्यात सोडले. कांदा पडला तशी तिची भीती पळाली. कांदा परतायला मराठी बाईला कोणी शिकवायचं? गुलाबी, मग सोनेरी, मग छान तपकिरी. त्यावर तमालपत्र, लवंगा, व्हिनेगर. ओळखीची माणसं परगावी भेटावीत तसं तिला झालं. शेवटी रीटबाई करायच्या तसे तिने मसालेदार केकचे काप मोहरीची चटणी फासून रश्शात सोडले. केक रश्शात घालतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती खो खो हसली होती. आता तोच केक विरघळून रस्सा कसा मस्त दाट झाला! घमघमाट हॉलमध्ये गेला आणि म्हातारी मंडळी वेळेआधीच खुर्च्या ओढून बसायला लागली. मंजूषाला इतका आनंद झाला, की तिने एकटीनेच पातेल्याभोवती एक गिरकी घेतली.

तेवढ्यात रीटबाई आत आल्या. झाकण उचलून वास घेतला, डावाने रस्सा ढवळून पाहिला आणि चाखलास का म्हणून विचारलं.

मंजूषा नाही म्हणाली.

रीटबाईंचा चेहराच उतरला. त्यांचा एकच कायदा होता, आणि बटाटे सोलणाऱ्या बाईशी त्याचा आजवर संबंध आला नव्हता. "जी आपलं रांधलेलं स्वतः तोंडात घालत नाही," त्या म्हणाल्या, "तिने ते दुसऱ्यांपुढे ठेवू नये. लोकांचा अपमान आहे तो."

झालं, संपलं सगळं, मंजूषाला वाटलं. एक चमचा तोंडात घातला की जागा तिची, आणि तो चमचा काही केल्या तिच्याने तोंडापर्यंत नेववणार नव्हता. डोळे भरून आले. रागही आला. आणि त्या रागाच्या भरात, मोडक्यातोडक्या डचमध्ये, ती बोलून गेली.

"आमच्याकडे उलटं आहे. देवाला वाढायचं असतं ना, ते आधी चाखत नाहीत. नुसत्या वासावर आणि अंदाजावर करतात. पहिला घास त्याचा. आधी आपण खाल्लं, तर तो अपमान."

बोलली आणि तिने जीभ चावली. गोमांसाच्या रश्शाला आपण चक्क नैवेद्याच्या पंगतीला बसवलं!

"आणि इथे तुझा देव कोण?" रीटबाईंनी विचारलं.

मंजूषाने दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर सगळे काटे-चमचे हातात घेऊन ताटकळले होते.

रीटबाईंनी पातेल्यातला डाव ओट्यावर ठेवला आणि हॉलमध्ये गेल्या. इतक्या वर्षांत ज्या बाईला कोणी त्या टेबलाशी बसलेलं पाहिलं नव्हतं, तिने एक खुर्ची ओढली, म्हाताऱ्यांच्या रांगेत बसली आणि रिकामं ताट पुढे केलं.

"वाढ," त्या म्हणाल्या.

मंजूषाने वाढलं. बटाटे, लाल कोबी आणि वर हाशे. घाईत दोन थेंब टेबलावर सांडलेच. रीटबाई सावकाश खात राहिल्या. त्यांच्याकडे बघत बाकीच्यांनीही सुरुवात केली आणि हॉलमधली बडबड थांबली. मंजूषा डाव हातात घेऊन तशीच उभी.

रीटबाईंनी शेवटचा बटाटा रश्शात फिरवून ताट लख्ख पुसलं, तोंड टिपलं आणि मान वर केली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी जरा सढळ हाताने घाल."