बाविसाव्या स्तोत्राचं राहिलेलं निम्मं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आमच्या चर्चमधल्या साक्षींवरही फारसा नाही. कुणाला स्वप्नात प्रकाश दिसला म्हटलं की मी विचारतो, रात्री जेवला काय होतात? शिवऱ्याला हायवेला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वायर तुटली की मोटार बंद, एवढंच मला कळतं. तरीही हे लिहितोय…

माझी थोरली बहीण, अक्का, भोंगवलीला असते. गेल्या वर्षी दाजी, म्हणजे तिचे यजमान, कॅन्सरने गेले. आयुष्यभर प्रार्थनेला पुढे बसलेला माणूस. शेवटी एवढंच बोलले – “देवा, मला का सोडलंस?” – आणि गेले. देवाने टाकलेला माणूस म्हणून आपला नवरा मेला, असं अक्काच्या मनाने घेतलं. तिचं बायबल ट्रंकेत गेलं.

चर्चच्या पाळकांनी समजावलं, वधस्तंभावर येशूही हेच म्हणाला होता. अक्का म्हणाली, “येशू तिसऱ्या दिवशी उठला. ह्ये न्हाई उठलं.” मला तर पाळकांची कीवच आली.

दाजींच्या वर्षाच्या प्रार्थनेला ती केवळ लोकांसाठी हो म्हणाली. भर दुपार, ओसरीवर सतरंजी, आम्ही घरचेच काही जण. शेजारच्या सुनंदाताई दाराशी बसल्या होत्या. त्या बौद्ध, पण या घराशी जुना घरोबा.

अशा वेळी आमच्याकडे बायबलमधलं मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र ठरलेलं. पाळकांनी मात्र बाविसावं काढलं; त्याची सुरुवातच ‘देवा, मला का सोडलंस?’ अशी. ते आम्ही फक्त गुड फ्रायडेला वाचतो, तेही निम्मं. हातपाय विंधले, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या, इथवर आलं की पुस्तक मिटायचं. येशूच्या कितीतरी आधी हे लिहून ठेवलं होतं म्हणून माना डोलवायच्या आणि चहा प्यायचा. पुढे काय आहे, ते मीही कधी पाहिलं नव्हतं.

एकेकाने एकेक वचन वाचायचं, अशी आमची पद्धत. अक्का आधीच म्हणाली, “माझा नंबर आला की फुडं सरका. म्या वाचनार न्हाई.” पहिल्या फेरीत तिचं वचन शेजारी बसलेल्या मी वाचलं. एरवी पुस्तक मिटतो त्याच्या पुढे गेल्यावर पुन्हा तिचा नंबर आला, तेव्हाही मी ओळीवर बोट ठेवून तयार होतो. पण मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी वाचलं. पुरुषाचा आवाज, सावकाश… पिडलेल्याला देवाने झिडकारलं नाही, त्याच्यापासून तोंड लपवलं नाही, त्याने हाक मारली तेव्हा ऐकलं. आणि मग पुन्हा एकदा – ऐकलं.

मला वाटलं पाळक. मी पुढचं वचन वाचलं, वाचन संपलं, आमेन झालं.

चहाच्या वेळी सुनंदाताईंनी अगदी सहज विचारलं, “दाजींचा आवाज मोबाईलमधी भरून ठिवला व्हता व्हय?”

दाजी एसटीत कंडक्टर होते. गावाचं नाव दोनदा पुकारायची सवय वचन वाचतानाही सुटली नव्हती. शेवटचा शब्द ते हमखास पुन्हा म्हणायचे. पाळकांना वाटत होतं, मी वाचलं. बाकीच्यांनाही तसंच काहीसं. मोबाईल तर सगळ्यांचे खिशात होते. मी उगाच ओसरीभर फिरून आलो, फळीवरचा बंद रेडिओही पाहिला – आत सेलच नव्हते.

अक्का कपबशी हातात धरून रडत होती. वर्षात पहिल्यांदाच.

“त्या दिशी त्यांनी पैलीच वळ म्हनली,” ती म्हणाली. “मला वाटलं, तेवढंच हाय. फुडचं म्हनायला दमच न्हवता रं त्यांना.”

कारण मला आजही सांगता येत नाही. आता प्रार्थनेला अक्काचा नंबर आला की मी सवयीने ओळीवर बोट ठेवतो. ती माझा हात बाजूला सारते आणि स्वतः वाचते.