चिमूटभर माती

दौंडच्या उरुसात शोभेचे बाण उडवणारे एक म्हातारे चाचा असत. नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक बाण पेटवण्याआधी चिमूटभर माती हवेत सोडून ते वारं बघायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. केरळात नुकत्याच सुटलेल्या रॉकेटांबद्दल वाचलं होतं, शहाणपण गप्प बसू देईना. म्हणालो, "चाचा, पंख जरा तिरके लावा. स्वतःभोवती फिरत जाणारा बाण सहजी भरकटत नाही."

"वारं असलं तरी?"

"असलं तरी."

हातातला बाण त्यांनी खाली ठेवला.

"माझ्याच बाणानं माझी लेक गेली, मास्तर. वाऱ्यानं वळवला, असं म्हनत इतकी वर्सं काढली."

पुढच्या उरुसाला त्यांचे बाण गरगरत सरळ वर गेले. माती मात्र त्यांनी एकदाही सोडली नाही.