तांत ओडीलचं न उघडलेलं पिंप

मिसिसिपीच्या काठी, आमच्या सेंट जेम्समध्ये पेरिक तंबाखू पिकते. ती नुसती पाइपात भरून कुणी ओढत नाही, डोकं गरगरतं. पिवळ्या, गोडसर व्हर्जिनिया तंबाखूत चिमूटभर मिसळली की मात्र धुराला पिकल्या आलुबुखाराची चव येते. मिश्रणं करणाऱ्या एका कंपनीसाठी पिंपं तपासण्याचं काम मी एकतीस वर्षं करतो आहे. ओडील रूसेलइतकी नेटकी बाई मला त्यात दुसरी भेटली नाही. आम्ही तिला तांत ओडील, म्हणजे ओडीलमावशी म्हणायचो.

पान न फाडता त्याची मधली शीर ती एका झटक्यात काढायची. नवरा क्लोविस त्या पानांच्या जुड्या वळायचा, ओकच्या पिंपात रचायचा आणि वरून स्क्रूचा जॅक आवळायचा. दाबाखाली पानं आपल्याच रसात मुरतात. पण काही महिन्यांनी जुड्या बाहेर काढून, सोडून, वारा देऊन पुन्हा वळून भराव्या लागतात. नाहीतर मधला थर कुजतो.

त्या नोव्हेंबरात क्लोविस गेला. त्याने भरलेलं शेवटचं पिंप कोठारात राहिलं.

फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा ते उघडलेलं नव्हतं. विचारलं, तर तिने कॉफी पुढे केली आणि उसाच्या गोष्टी काढल्या. मार्चमध्येही तेच. जॅक मात्र ती रोज पुसत होती. एप्रिलमध्ये पिंपाच्या कडेला नाक लावलं, तर आंबूस वासात किंचित कुबटपणा होता. क्लोविसचा जुना दोस्त तेओफिल शेजारीच उभा होता.

"ओडील, हे पिंप उघडेपर्यंत मीही जाईन बघ," तो म्हणाला.

"जा. गावाला तेवढीच शांतता." ती हसली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "क्लोविस डावखुरा होता. त्याची जुडी उलटी वळायची. मी वळेन ती सुलटी. मग त्याच्या हातचं राहिलं काय?"

मला समजूत घालता येत नाही. कुजलं तर काहीच राहणार नाही, एवढंच मी सांगितलं.

मग तिने एप्रन बांधला आणि तेओफिलला जॅक सैल करायला सांगितलं. मधल्या दोन थरांना बुरशी लागली होती, ते टाकावे लागले. बाकीचा माल काळा, चकचकीत निघाला. तिने एकेक जुडी सोडून पानं पसरली.

दुपारी ती वळायला बसली. पान सुलटं वळेना. पाच महिने दाबाखाली राहून त्याला क्लोविसचा पीळ बसला होता. बोट काढलं की ते परत उलटं फिरे. तिने दोनदा वळून बघितलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

"ऐकत नाही बघ," ती म्हणाली. "कधी ऐकलंय?"

तेओफिलने तोंड फिरवलं. तिने पान जिकडे वळत होतं तिकडे वळू दिलं आणि पुढचं उचललं.