पुंजारामचा शिक्का

पुंजारामचा शिक्का माझ्यामुळे गेला होता.

हे ग्रुपवर आधी लिहून टाकतो. नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

आता तुमची विचारपूस.
देशमुख, बायपासनंतर सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाता ना?
जाधव, साखर आटोक्यात आहे का?
कुसुमताई, गुडघा आता वाकतो का नीट?

माझं म्हणाल तर बरा आहे. पण दमलोय. एकच गोष्ट वीस-बावीस वर्षं पोटात ठेवून दमलोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही विमानाच्या इलेक्ट्रॉनिक सिस्टिम तपासायचो. पुंजाराम आणि मी, अकरा वर्षं एकाच टेस्ट बेंचवर. मी रीडिंग घ्यायचो, तो ते तपासून आपला शिक्का मारायचा.

शिक्का ज्याचा त्याचा, त्यावर ज्याचा त्याचा नंबर. पुंजाराम तो शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि खिशाला वरून सेफ्टी पिन लावायचा.

मार्चअखेरची घाई होती. समोर उंची मोजणारं युनिट. जमीन किती खाली आहे, ते वैमानिकाला सांगणारं. ते थंड चेंबरमध्ये दोन तास ठेवायचं आणि मगच शेवटचं रीडिंग घ्यायचं, असा नियम.

तीन दिवस ओव्हरटाइम झालेला. उभं राहणं जिवावर आलं होतं. मी पाऊण तासात चेंबर बंद केला आणि नेहमी येतो तो आकडा लिहून टाकला.

पुंजाराम दुसऱ्या कामात अडकलेला. त्याने विचारलं, "पाह्यलं ना अण्णा नीट?"

"पाहिलं."

त्याने शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी फाइलला लावायला त्याने चेंबरच्या वेळेची रेघ काढणाऱ्या रेकॉर्डरचा कागद काढला. रेघ पाऊण तासावरच संपलेली. त्याने तो कागद माझ्यासमोर धरला.

मी पाणी प्यायला उठलो.

तो एकटाच साहेबांकडे गेला. म्हणाला, मी न बघता शिक्का मारलाय, युनिट परत मागवा. ते तोवर विमानात बसवलं होतं.

साहेबांनी मला बोलावलं. मी सांगितलं, दोन तास पूर्ण केले होते साहेब, रेकॉर्डरचा कागद मध्येच अडकला.

पुंजाराम शेजारीच उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली बघत राहिला.

युनिट पुन्हा तपासलं. आकडा मी लिहिला होता तोच आला. मी त्याला म्हटलं, बघ, उगाच गेलास.

"आकडा बरोबर आला रे अण्णा," तो म्हणाला. "पण आपण पाह्यला कुठं व्हता?"

त्याचा शिक्का सहा महिने काढून घेतला. प्रमोशनच्या यादीत मी होतो, तो नव्हता.

द्राक्षांच्या दिवसांत तो दिंडोरीहून घरचे घड आणायचा. त्या वर्षानंतरही माझ्या टेबलावर ठेवत राहिला. मी ते इतरांना वाटून टाकायचो.

परवा त्याचा दहावा झाला. आपल्यातलंच कुणीतरी त्याच्या मुलीसमोर, कल्पनासमोर, बोलून गेलं. माणूस सोन्यासारखा, पण कामात एकदा घसरला होता.

तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, बाबा खरंच असं करायचे? घरी तर गॅस बंद आहे का ते दोनदा बघायचे."

मी म्हणालो, जाऊ दे पोरी, जुनी गोष्ट आहे.

म्हणजे तिथेही पाणी प्यायलाच उठलो.

कल्पना, तुझ्या बाबांनी त्या दिवशी न बघता शिक्का मारला, कारण मी "पाहिलं" म्हणालो होतो. आणि ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःहून सांगितलं. मी आज सांगतोय.

पुंजाराम, जिथे असशील तिथे ऐक. तुझी माफी मागायला मला फार उशीर झाला.

देशमुख, जाधव, कुसुमताई, तुम्ही तेव्हा आमच्याच वर्कशॉपमध्ये होतात. त्याचं काम कसं होतं ते इथे खाली लिहा. मला काय बोलायचं ते बोला. तब्येतीचं मागाहून कळवलंत तरी चालेल.

पण हे लवकर लिहा. पोरगी त्याच्या फोनवर वाचते आहे.