काकीचं पहिलं माप

महिना झाला. तासगावकडचा आमच्या गावचा माणूस सांगलीला माझ्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, तुमची काकी गेली. ताप उतरलाच न्हाई." मी फळ्यावर पाढा लिहीत होते... पुढचं काही आठवत नाही.

माझी आई मला कळायच्या आधीच गेली. वाढवलं ते काकीनं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण गणित मला तिनंच शिकवलं. भाकरी करायला बसली की विचारायची, "शके, जेवाया माणसं किती? मग पिठाच्या मुठी किती?" धार काढताना म्हणायची, "गाईला सड चार. तीन आपलं. ऱ्हायलं किती? त्यो वासराचा, त्याला हात लावशील तर बघ!" भाकरीचे वाटे ज्यानं करायचे त्यानं शेवटी उचलायचं, असा तिचा कायदा. काय तंतोतंत तुकडे करायचे मी! ज्वारी मोजताना मात्र ती पहिल्या मापाला एक म्हणत नसे. "लाभ, दोन, तीन..." असंच मोजायची. आमच्याकडं सगळेच धान्य तसं मोजतात, पहिलं माप लाभाचं.

पुढं मी शिकले, मास्तरीण झाले. गेल्या वर्षी सुगी झाल्यावर काकी भुईमुगाच्या शेंगा घेऊन थेट माझ्या वर्गात आली. पोरांत फतकल मारून बसली आणि त्यांना ओंजळीनं शेंगा मोजायला लावल्या. "म्हना, लाभ, दोन..." पोरं खिदळली. तेवढ्यात हेडमास्तर दारात. आणि मी, दीडशहाणी, सगळ्यांदेखत बोलले, "काकी, पोरांना चुकीचं शिकवू नकोस. एक म्हणतात." जीभ का झडली नाही माझी! ती उठली, लुगडं झटकलं. "व्हय गं बाय, आमी अडाणी," एवढंच म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. माफी मागायची राहिली. सुट्टीत जाऊ, मग बोलू, असं म्हणत राहिले.

दहाव्याला गावी गेले. चुलीपुढं चुलतभावाची सहा वर्षांची सुमी, काकीची नात, परात घेऊन बसली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सुमे, माणसं किती? मुठी किती घ्यायच्या?"

तिनं पिठाची एक मूठ भरली. मग म्हणाली, "मला मोजाया येत न्हाई."

"आज्जीनं शिकवलं नाही?"

"न्हाई. आज्जी म्हनायची, माजं मोजनं चुकतंय. शकूआत्या सुट्टीला आली की तिच्याकडनं नीट शिक."

पिठाची मूठ तशीच धरून सुमी माझ्याकडं बघत राहिली... गेल्या दोन सुट्ट्यांत मी गावाकडं फिरकलेच नव्हते.