वीस मिनिटं, दत्ताकाका

हो, मीच नेलं त्यांना जिममध्ये.
या ग्रुपवर अजून कुणाला काही विचारायचंय?

आज वर्षश्राद्धाच्या पंगतीत आत्या मोठ्यांदा म्हणाली, "सदुसष्टाव्या वर्षी माणसाला मशीनवर पळवलं हिनं."
सगळे पानातल्या वड्यांकडे बघत बसले.

पळवलं नाही, आत्या. चालवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दत्ताकाका, बाबांचे मोठे भाऊ. लग्न केलं नाही. काचीगुड्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी, नल्लकुंट्यात एक खोली, आणि तरुणपणी रोज पहाटे तालीम.
पहिला अटॅक आला तेव्हा बाबा त्यांना आमच्याकडे, शहराच्या टोकाला बोडुप्पलला घेऊन आले. फ्लॅट नवा, लिफ्ट नवी. रस्ता मात्र अजून यायचा होता.

डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं चाला. वीसच.

कुठे चालायचं? फूटपाथ नाही. खडीचे टिप्पर आणि कुत्री.
तिसऱ्याच दिवशी काका गुडघा फोडून आले.

मी तेव्हा कॉलेज संपवून कुणी छापणार नाही असल्या कथा लिहीत होते. म्हणजे घरच्यांच्या मते रिकामीच. काकांना गाडीवर मागे बसवलं आणि निघाले जिम शोधायला.
शोधायला काय, कॉल सेंटरच्या पोरांसाठी दर गल्लीत एक उघडत होतं.

पहिलं एसी. चारी बाजूंनी आरसे.
रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सॉरी मॅडम, अबोव्ह सिक्स्टी नॉट अलाउड."
काका आरशांत बघत म्हणाले, "एवढे दत्ता एकदम बघून घाबरली असेल बिचारी."

दुसरं फक्त लेडीजचं निघालं. पाटी तेलुगूत होती. मला बोलता येतं, वाचता येत नाही. आत एरोबिक्स चाललेलं.
काका जिन्यातच पाठ फिरवून उभे. "चल गं. चल गं. चल की गं!"

मग पार्कातला लाफ्टर क्लब. काका दोनच दिवस गेले.
"कारण नसताना हसायचं, ते साहेबासमोर पस्तीस वर्षं केलं. आता नक्को."

शेवटी टिफिन सेंटरच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, सलीमभाईचं जिम. ट्रेडमिल एकच, बाकी सगळं लोखंड. सकाळी जेंट्स टायमिंग, संध्याकाळी लेडीज.
"हौ, आने देव अंकल को," सलीमभाई म्हणाला. "उमर-बिमर कायको पूछना?"

काकांनी दारात चपला काढल्या. आत जाऊन वाकले, ट्रेडमिलला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.
"अंकल, शूज?"
"आखाडे में चप्पल डाल के नै आते रे."
दुसऱ्या दिवशी दाराशी चपलांचा स्टँड आला.

पण पहिल्या दिवशीचं सांगायचंय.

मी त्यांना सोडून खाली इडली खायला गेले. फोन आला, बोलत बसले. वर आले तेव्हा पन्नास मिनिटं झालेली.
काका चालतच होते.
बनियन चिंब. ओठ पांढरे. सलीमभाई पलीकडे कुणाच्या तरी डोक्यावरचा बार धरून उभा.
जेंट्स टायमिंग, म्हणून मी दारातूनच ओरडले, "अहो काका, बस!"

तत्क्षणी उतरले.

"थांबला का नाहीत?"
"कुणी बस म्हटलं नाही."

तालमीत तसंच असायचं म्हणे. वस्ताद बस म्हणेपर्यंत जोर थांबवायचे नाहीत. जो आपणहून थांबला, त्यानं उद्या नाही आलं तरी चालतं.

"मग इथे वस्ताद कोण?" मी चिडून विचारलं.
त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं.
"तू हो. आमच्या तालमीत बाईमाणसाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. पण आवाज आहे तुझा वस्तादाचा."

तेव्हापासून आठ महिने. रोज सकाळी मी दारात, त्या स्टँडशेजारी, घड्याळ बघत.
वीस मिनिटं झाली की, "बस, काका."
एकदा गंमत म्हणून एक मिनिट उशीर केला. ते माझ्याकडे बघत चालत राहिले.
परत कधी केली नाही तसली गंमत.

आता ऐक, आत्या.

दुसरा अटॅक आला तो रविवारी. रविवारी जिम बंद. काका खुर्चीत पेपर वाचत होते.
जिमनं नाही मारलं त्यांना.

आयसीयूत एका वेळी एकच माणूस. माझी पाळी आली.
तोंडावर मास्क. छाती त्या पहिल्या दिवसासारखी वरखाली. बोलता येत नव्हतं.
माझ्याकडे बघत होते. एकटक. ट्रेडमिलवरून दाराकडे बघायचे तसे.

बाहेर आल्यावर तूच विचारलंस, "काय गं बघत होते तुझ्याकडे?"
मी म्हटलं, "पाणी हवं असेल."

खोटं बोलले.

काय हवं होतं ते मला माहीत होतं. एवढासा शब्द.
आणि मी म्हटला असता तर ते थांबले असते.
म्हणून नाही म्हटला.

अजून दोन दिवस चालले ते.

जिमचं सोड. विचारायचंच असेल तर त्या दोन दिवसांचं विचार.

नको. विचारूच नकोस. वर्षभर उत्तरं देऊन दमले मी.

दत्ताकाका, वीस मिनिटं झाली. केव्हाच झाली.
बस.
उतरा आता. घाम पुसा. चपला स्टँडवर आहेत.

आत्या, तू ऑनलाइन दिसतेयस. काही लिहू नकोस.
मी चालले.